पद्मिनीचे जड स्टिअरिंग

चंद्रपूर-गडचिरोलीकडील काही व्यापारी घरांच्या दाराशी अद्याप एखादी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. या मोटारीशी आपल्या समाजाचे नाते केवळ मालकीचे नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० चा भारतीय अवतार तयार होऊ लागला आणि पुढे १९७० च्या दशकात त्यालाच पद्मिनी हे नाव मिळाले. वालचंदशेठ १९५३ मध्ये निवर्तले. हे नाव त्यांच्या कानी पडले नाही.

अशी गाडी चालविणारे हात आता सत्तरीकडे झुकलेले असतात. भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनास निघताना मोकळ्या रस्त्यावर काही जाणवत नाही. परंतु जटपुरा गेटच्या गर्दीत गाडी वळविताना खांदे भरून येतात. मग मुलगा सुचवितो, नव्या गाडीचे विजेवरचे पॉवर स्टिअरिंग बसवून घेऊ. वडिलांना ते गाडी बाटविल्यासारखे वाटते. दोघांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नसते.

प्रथम यंत्र पाहावे. पद्मिनीत स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी मळसूत्रासारखा भाग असतो. तो बॉक्समधील दुसऱ्या भागाला फिरवितो आणि जोडदांड्यांमार्फत पुढची चाके वळतात. सांध्यांत ग्रीस नसणे, बॉक्समधील तेल गळून जाणे, टायरमध्ये हवा कमी असणे किंवा मूळ मापापेक्षा रुंद टायर चढविलेले असणे, यांपैकी एक कारण असले तरी स्टिअरिंग जड होते. भाग झिजले की ‘प्ले’ वाढतो, म्हणजे हात वळतो पण चाक लगेच वळत नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर जंगलातून एखादे चितळ अचानक समोर आले, तर तेवढा विलंबही जीवघेणा ठरतो, त्या मुक्या जीवालाही आणि गाडीतल्यांनाही. (सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्यासाठी वेळेत घरी परतणाऱ्यांचा हा धोका थोडा कमी होतो, हे खरे.) म्हणून आधी दुरुस्ती, मग बदल. हिशेबाच्या भाषेत पहिला खर्च महसुली, दुसरा भांडवली. पहिला टाळून दुसरा करणे हा व्यवहार नव्हे.

एवढे करूनही हात दुखत असतील, तर पॉवर स्टिअरिंगचा विचार रास्त आहे. आरोग्यापुढे हौसेचा हट्ट धरू नये. मात्र जुन्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालगतच असतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा दांडा तेथे सहज बसत नाही. विजेची मोटर जागच्या जागी वळताना बराच प्रवाह ओढते. डायनॅमोवर चालणाऱ्या गाडीला तो भार पेलत नाही, अल्टरनेटर आणि चांगली बॅटरी लागते. सर्वांत मोठी चिंता जोडणीची. दांडा कापून वेल्डिंगने सांधणारा कारागीर स्वस्त पडतो, पण तो सांधा सुटला की गाडीवर कोणाचाच ताबा उरत नाही. तेथे योग्य मापाचा दातेरी जोडच हवा.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वीच आरटीओ कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र मालिका सुरू केली. त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनातील मोठा फेरफार चालत नाही. स्टिअरिंगचे नाव त्या यादीत नसले तरी ‘मूळ स्वरूप’ ही अट आहेच. ज्यांची गाडी त्या वयाला पोहोचली आहे किंवा पोहोचू घातली आहे, त्यांनी ती नोंदणी हवी की रोजची सोय, हे आधी ठरवावे. अशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर वापरता येत नाही.

बदल केलाच, तर निघालेला बॉक्स, दांडा आणि बारीक बोल्टसुद्धा भंगारात देऊ नयेत. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, वर गाडीचा नंबर लिहून ते गोदामात ठेवावेत. पुढच्या पिढीला गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर हे भाग बाजारात शोधत फिरावे लागणार नाही.