विश्लेषण : नांदेडच्या मातीतला ‘पाणी’ पुन्हा का पाहायला हवा?

राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणजे चित्रपट गावागावांत पोहोचतो, असे नाही. नांदेड जिल्ह्यातील माणसाची गोष्ट सांगणारा ‘पाणी’ हे त्याचे घरचेच उदाहरण.

चित्रपट कशावर आहे?

नागदरवाडी हे नांदेड जिल्ह्यातील एकेकाळचे टंचाईग्रस्त गाव. तेथील हनुमंत केंद्रे यांच्या जलसंधारणाच्या कामावर आदिनाथ कोठारे यांनी ‘पाणी’ बेतला. दिग्दर्शन त्यांचे आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. गावात पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कोणी तयार नाही. हनुमंतचे लग्नही तिथेच अडते.

मग तो मागे का पडला?

६६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो पर्यावरण संवर्धनावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ही घोषणा ऑगस्ट २०१९ मधली. चित्रपटगृहात तो आला १८ ऑक्टोबर २०२४ रोजी. पुढे दोनच आठवड्यांत दिवाळीचे ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूल भुलैया ३’ उभे होते. उमरीच्या प्रेक्षकाला मल्टिप्लेक्ससाठी नांदेड गाठावे लागते. ऐन सोयाबीन काढणीत कोण जाणार? हातातले काम उरकेपर्यंत पडद्यावरचा चित्रपट बदललेला असतो. अशा वेळी तिकीटबारीचा आकडा तारखेबद्दल जास्त सांगतो, चित्रपटाबद्दल कमी.

त्यात वेगळे काय?

दुष्काळ म्हटला की भेगाळलेली जमीन दाखवायची, ही जुनी सवय. ‘पाणी’ दुष्काळ मोजतो तो मोडलेल्या सोयरिकींत आणि बायकांच्या डोक्यावरच्या घागरींत. प्रेमकथेचा गोडवा कुठे कुठे जास्त होतो, हे खरे. पण त्यामुळेच पाणलोटाचा रूक्ष विषय घरातला वाटू लागतो.

असे आणखी चित्रपट आहेत?

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आठवा. शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर आपला नवराही तेच करील, या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते. एवढा गंभीर विषय हसवत हसवत काळजाला भिडतो. तोही फार थोड्यांनी पाहिला.

दुसऱ्या संधीने फरक पडतो?

पडतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. चित्रपट तोच होता. मधल्या काळात प्रेक्षक तयार झाला होता.

काय करता येईल?

राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्याला तालुक्याच्या गावातील खेळांची जोड हवी. निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन शाळा-महाविद्यालयांनी, ग्रामपंचायतींनी असे चित्रपट उन्हाळ्याच्या तोंडावर दाखवावेत. शेतीची घाई नसते आणि पाण्याचा प्रश्न दारात उभा असतो. ज्यांची गोष्ट आहे, त्यांनी पाहिल्याशिवाय चित्रपटाचा निकाल लावणे घाईचे ठरेल.