गच्चीवरचे ओझे

टिटवाळ्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत गच्चीचा विषय निघाला की ठराव सहसा बिनविरोध मंजूर होतो. पाण्याची जादा टाकी हवीच असते, सौर पॅनेलमुळे विजेचे बिल उतरते, मोबाइल मनोऱ्याचे भाडे संस्थेच्या तिजोरीत पडते. हे सारे ओझे पेलणार कोण, हा प्रश्न मात्र विषयपत्रिकेवर नसतो.

हा प्रश्न किती महाग पडतो हे या परिसराने पाहिले आहे. भिवंडीजवळ वळपाडा येथे २९ एप्रिल २०२३ रोजी कोसळलेल्या इमारतीच्या छतावर मोबाइलचा मनोरा होता. त्या दुर्घटनेत आठ जणांचा बळी गेला. कल्याण पूर्वेत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि सहा जण प्राणांस मुकले.

हिशेब अवघड नाही. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरला आहे. वावर नसेल तर त्याच्या निम्माच. एक मीटर खोल पाणी मात्र त्याच जागेवर १,००० किलोंचे ओझे टाकते.

जेथे छत लोखंडी तुळयांवर उभे आहे, अशा जुन्या सभागृहांत व गोदामांत आणखी एक फसगत होते. तुळईच्या कोष्टकातील सुरक्षित भाराचा आकडा पाहून व्यवस्थापक निर्धास्त होतात. परंतु तो आकडा दोन आधारांमधील ठरावीक अंतरासाठी व सर्वत्र सारख्या पसरलेल्या भारासाठी असतो. अंतर दुप्पट झाले की तुळईची एकूण ताकद निम्म्यावर येते. सारे ओझे मधोमध एकवटले तरीही निम्म्यावरच. त्यातूनही छताचे स्वतःचे वजन आणि कोकणच्या पावसाने खाल्लेले लोखंड वजा करायचे असते. उरेल तेवढीच शिल्लक नव्या यंत्राची. सौर पॅनेल वजनाने हलके असले, तरी वादळी वारा त्यांना वर उचलू पाहतो; तो ताणही छतानेच सोसायचा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५-अ तीस वर्षे वापरात असलेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक करते. पण ओझे काही तीस वर्षे थांबत नाही. म्हणून मूळ नकाशे आणि अभियंत्याचे लेखी प्रमाणपत्र सभेपुढे आल्याखेरीज गच्चीवर काहीही चढवू नये, एवढा नियम प्रत्येक संस्थेने स्वतःवर घालून घ्यावा. अभियंत्याचे शुल्क खर्चात दिसते म्हणून ते वाचवण्याचा मोह होतो. ते वाचवून छताखाली झोपणाऱ्यांचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार मात्र कोणत्याही बहुमताला नाही.