एका युनिटात किती घागरी?



“परळीचं थर्मल आपल्याच जिल्ह्यात आहे, मग आपण वीज कशाला वाचवायची?” असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते हिशेबानं सांगतो.

‘कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा’ ही व्याख्या आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. पण ऊर्जा मोजता येते. तिचे एकक ज्यूल. एक किलो वजन एक मीटर उंच उचलायला सुमारे 10 ज्यूल ऊर्जा लागते. आता विहिरीचं उदाहरण घ्या. पाणी 20 मीटर खोल आहे आणि घागरीत 15 लिटर, म्हणजे 15 किलो पाणी मावते. घागरीचं वजन सोडून दिलं, तरी एक खेप शेंदायला 15 × 10 × 20 = 3000 ज्यूल लागले.

विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच 36 लाख ज्यूल. त्याला 3000 ने भागा. उत्तर येते 1200! शंभर वॅटचा जुना बल्ब दहा तास चालू राहिला की एक युनिट संपते. गोठ्यातला बल्ब रात्रभर तसाच राहिला, तर 1200 घागरी शेंदण्याइतकी ऊर्जा फुकट गेली. बारा घागरी शेंदल्या तरी आपल्या आईचे हात भरून येतात. तेवढ्याच युनिटात 10 वॅटचा एलईडी दिवा 100 तास चालतो.

ऊर्जा नवीन निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. फक्त तिचे रूप बदलते. परळीला 1971 साली 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. आज तिथे 250 मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळशातली रासायनिक ऊर्जा जळून उष्णता होते, उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि जनित्रातून वीज मिळते. एवढ्या खटाटोपात उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि थंड करण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून थर्मलला पाणी फार लागते.

खरी अडचण इथेच आहे. 2013 च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे पाणी मिळेना, म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा लांबून रेल्वेने येतो, पण एवढे पाणी कुठून आणायचे? जिथे उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो, तिथे वीज उधळणे म्हणजे पाणीच उधळणे.

कोणी म्हणेल, ऊन-वारा आहेच की! बरोबर आहे. बालाघाटावर पवनचक्क्या फिरतात, घरांवर सौर पाट्या दिसतात. त्यांना वाफेसाठी पाणी लागत नाही. त्या वाढल्याच पाहिजेत. पण रात्री ऊन नसते आणि वारा आपल्या सांगण्यावरून वाहत नाही. म्हणून काटकसर हवीच.

माझी एक सूचना आहे. शाळा सुटताना दिवे-पंखे बंद करण्याची पाळी लावावी. दर सोमवारी मीटर वाचून किती युनिट वाचले ते याच भिंतीवर लिहावे, पण घागरींच्या हिशेबात. ‘दोन युनिट वाचले’ म्हटलं तर कुणाच्या ध्यानात राहत नाही. ‘2400 घागरी वाचल्या’ म्हटलं तर आजीलासुद्धा कळेल.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी