जगमीत सिंग

जगमीत सिंग (जन्म: २ जानेवारी १९७९, स्कारबरो, ऑन्टारियो) हे कॅनडातील राजकारणी व वकील असून २०१७ ते २०२५ या काळात ते न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते होते. कॅनडातील एखाद्या प्रमुख राष्ट्रीय पक्षाचे निर्वाचित नेतृत्व लाभलेले ते पहिले श्वेतेतर नेते होत. सत्तेत सहभागी न होता अल्पमतातील सरकारकडून लोककल्याणाचे कायदे करवून घेणे, हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य फलित मानता येते. मात्र या सहकार्यानंतर झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला इतिहासातील सर्वांत मोठा पराभव पत्करावा लागला.

प्रारंभिक जीवन

सिंग यांचे आईवडील पंजाबमधून कॅनडात स्थलांतरित झाले. पतियाळा संस्थानातील प्रजामंडळ चळवळीचे नेते सेवासिंग ठीकरीवाला हे त्यांचे पणजोबा. सिंग यांनी जीवशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे टोरांटोच्या ऑसगुड हॉल विधी महाविद्यालयातून कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. २०११ मध्ये ते राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत पराभूत झाले. परंतु त्याच वर्षी ऑन्टारियोच्या प्रांतिक विधिमंडळात निवडून आले. १९८४ मधील शीखविरोधी हिंसाचारातील पीडितांना न्याय मिळावा, अशी मागणी ते करीत असत. २०१३ मध्ये भारत सरकारने त्यांना व्हिसा नाकारला.

पक्षनेतेपद

१ ऑक्टोबर २०१७ रोजी पहिल्याच फेरीत ५३.८ टक्के मते मिळवून ते पक्षनेते झाले. फेब्रुवारी २०१९ मधील पोटनिवडणुकीत ब्रिटिश कोलंबियातील बर्नबी साउथ येथून विजयी होऊन त्यांनी संसदेत प्रवेश केला. २०१५ मध्ये पक्षाच्या ४४ जागा होत्या. २०१९ मध्ये त्या २४ झाल्या. क्वेबेक प्रांतातील जागा १६ वरून एकावर आल्या. सरकारी सेवेतील अनेक पदांवर धार्मिक चिन्हे वापरण्यास बंदी करणारा कायदा त्याच वर्षी त्या प्रांतात संमत झाला होता. पगडीधारी सिंग यांचा तेथील प्रचार याच वादाच्या छायेत झाला.

बाहेरून पाठिंबा

२०२१ च्या निवडणुकीत ३३८ सदस्यांच्या सभागृहात जस्टिन ट्रुडो यांच्या लिबरल पक्षाला १६० जागा मिळाल्या. बहुमतासाठी १७० आवश्यक होत्या. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाकडे २५ जागा होत्या. मार्च २०२२ मध्ये दोन्ही पक्षांत करार झाला. त्यानुसार सिंग यांच्या पक्षाने अर्थसंकल्प व विश्वासदर्शक ठरावांवर सरकारला पाठिंबा द्यायचा आणि सरकारने ठरलेली कामे करायची होती. पक्षाने मंत्रिपदे घेतली नाहीत.

या करारातून तीन ठळक गोष्टी साध्य झाल्या. खासगी दंतविमा नसलेल्या आणि वार्षिक उत्पन्न ९० हजार डॉलरपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांसाठी दंतोपचार योजना सुरू झाली. संपकऱ्यांच्या जागी बदली कामगार नेमण्यास केंद्रीय कायद्याखालील उद्योगांत बंदी घालणारा कायदा झाला. मधुमेहावरील व गर्भनिरोधक औषधांचा खर्च शासनाने उचलण्याचा मार्ग ऑक्टोबर २०२४ मधील कायद्याने मोकळा झाला.

२०२५ ची निवडणूक

सप्टेंबर २०२४ मध्ये सिंग यांनी करार संपवला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रुडो यांनी राजीनामा जाहीर केला व मार्चमध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची आयातशुल्के आणि कॅनडाला अमेरिकेत सामील करून घेण्याची भाषा यांमुळे निवडणुकीचे स्वरूपच पालटले. लढत लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन पक्षांत एकवटली आणि डाव्या विचारांचे अनेक मतदार लिबरल पक्षाकडे वळले. २८ एप्रिल रोजी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला केवळ ७ जागा मिळाल्या. अधिकृत संसदीय पक्षाच्या दर्जासाठी १२ लागतात. मतांचे प्रमाण २०२१ मधील सुमारे १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आसपास घसरले. सिंग स्वतःच्या मतदारसंघात तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि त्यांनी नेतेपद सोडले. डॉन डेव्हिस हंगामी नेते झाले.

मूल्यमापन

१९६१ मध्ये स्थापन झालेला हा पक्ष राष्ट्रीय पातळीवर कधीही सत्तेत आलेला नाही. तरीही त्याचे पहिले नेते टॉमी डग्लस यांनी सॅस्कॅचेवान प्रांतात पुढे नेलेली सार्वजनिक आरोग्यविम्याची कल्पना १९६६ मध्ये लेस्टर पिअरसन यांच्या अल्पमतातील लिबरल सरकारने देशपातळीवर स्वीकारली. त्या विम्यातून वगळलेले दंतोपचार व औषधे यांकडेच सिंग यांनी मोर्चा वळवला होता. योजना सरकारच्या नावाने राबवल्या गेल्याने त्यांचे श्रेय लहान पक्षाच्या पदरी पडणे कठीण होते. सरकारविषयीच्या नाराजीपासून मात्र त्याला अलिप्त राहता आले नाही. सिंग पायउतार झाल्यानंतरही दंतोपचार योजना चालू राहिली.