संगणक नाव कसे ताडतो?



आमच्या शेजारच्या विड्या वळणाऱ्या मावशी परवा कागदांची पिशवी घेऊन आल्या. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला होता. दाखल्यावर कांबळे हे आडनाव इंग्रजीत सहा अक्षरी, बँकेच्या पुस्तकात सात अक्षरी; मध्ये एक 'ए' जास्त. "मुलगी तीच, बाप तोच, मग अडले कुठे?" मावशींचा प्रश्न रास्त होता.

संगणक माणूस ओळखत नाही. तो दोन नावे शेजारी ठेवून डावीकडून एकेक अक्षर ताडतो. पहिली चार जुळली. पाचव्या जागी एकीकडे 'एल', दुसरीकडे 'ए'. तिथेच त्याने 'नाही' म्हटले.

पूर्ण नाव न ताडता त्याचा तुकडाही ताडता येतो. कुठपासून आणि किती अक्षरे, एवढे त्याला सांगावे लागते. आपल्या गावाचेच बघा. इंग्रजीत 'सोलापूर' सात अक्षरी, जुने 'शोलापूर' आठ अक्षरी. डावीकडून ताडले तर दुसऱ्याच अक्षराला फरक. शेवटची सहा ताडली तर दोन्ही सारखी!

पण तुकडा जुळला म्हणजे सगळे जुळले असे नव्हे. सोलापूरचा पिनकोड 413001, बारामतीचा 413102, लातूरचा 413512. पहिले तीन आकडे ताडले तर तिन्ही गावे एकच ठरतील.

संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पायथॉन, जावा, सी या भाषांत मोजणी शून्यापासून होते. पहिले अक्षर शून्याच्या जागी. पुष्कळ चुका इथेच होतात. दुसरे म्हणजे, 'कांबळे' आपल्याला तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये काना, अनुस्वार, मात्रा वेगळ्या धरून ती सहा चिन्हे होतात. पहिली तीन तोडली तर हाती फक्त 'कां' येते.

आपल्यातले काही उद्या असे नियम लिहितील. एका 'ए'साठी लेकराचे वर्ष वाया जाऊ नये, याचे भान त्यांनी ठेवावे. आणि तोवर आपण? अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून, बोट ठेवून, एकेक अक्षर वाचावे. फरक दिसला तर शेवटच्या तारखेची वाट न पाहता दुरुस्ती करून घ्यावी. मावशींची लेक आता तेच करते आहे.