नासाचे प्रशस्तिपत्र

गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला, म्हणजे संस्कृत दिनाच्या सकाळी, या पत्राच्या पहिल्या पानावर एक चौकट छापून आली होती. एका लोकप्रतिनिधीने समाजमाध्यमावर लिहिलेला मजकूर तीत जसाच्या तसा दिला होता. संगणकासाठी जगातील सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे हे अमेरिकेच्या नासा संस्थेने सिद्ध केले आहे. संस्कृतात एका वाक्याचा एकच अर्थ होतो, म्हणून यंत्राला ती चटकन कळते. आणि पुढच्या पिढीची बोलणारी यंत्रे संस्कृतावाचून निर्माणच होऊ शकणार नाहीत, असा त्याचा आशय होता. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेचे पोस्टकार्ड आले. नासाचा हा कागद आपण स्वतः पाहिला आहे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही तो पाहिला नव्हता. पोस्टकार्ड टेबलावर राहिले आणि वर्ष निघून गेले. यंदाची नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली असता तोच मजकूर पुन्हा हातोहात फिरू लागला आहे. तेव्हा त्या बाईंना उत्तर देणे आता आम्हांस भाग आहे. चूक पहिल्या पानावर झाली, म्हणून उत्तरही पहिल्याच पानावर देत आहोत.

कागद आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. ज्या वावडीला मुळीच आधार नसतो ती फार दिवस तग धरीत नाही. चाळीस वर्षे टिकलेल्या वावडीच्या बुडाशी काहीतरी खरे सापडावयाचेच. १९८५ साली 'एआय मॅगझिन' या अमेरिकन नियतकालिकात रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. संस्कृतातील ज्ञानाची मांडणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा त्याचा विषय. ब्रिग्ज हे कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्राशी संलग्न अशा संगणकशास्त्र संस्थेत काम करीत. लेखाखाली त्यांच्या नावाबरोबर हा पत्ता छापला गेला, आणि पुढे लोकांच्या तोंडून लेखकाचे नाव गळून पडून पत्ता तेवढा शिल्लक राहिला. तो नासाचा ठराव नव्हता, नासाचा अहवाल नव्हता. एखाद्या प्राध्यापकाने मासिकात लेख लिहिला म्हणून तो विद्यापीठाचा निर्णय होत नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आणि त्या लेखात आहे तरी काय? माणसाच्या भाषेतील वाक्य यंत्राला समजावे म्हणून त्या काळचे संशोधक वाक्याचे अर्थघटक सुटे करून त्यांचे परस्परसंबंध जाळ्यासारखे मांडीत असत. ब्रिग्ज यांनी दाखविले ते असे की, भारतीय वैयाकरणांनी हेच काम कित्येक शतके आधी केलेले आहे. मैत्र हा मैत्रीपोटी देवदत्तासाठी विस्तवावर भांड्यात भात शिजवितो, असे एक साधे उदाहरण त्यांनी घेतले आहे. कर्ता कोण, कर्म कोणते, कोणासाठी, कशाने, कोठे आणि कोणत्या हेतूने, या सर्वांचा क्रियेशी असलेला संबंध आपले शास्त्रकार ज्या रीतीने उकलून दाखवीत, ती रीत आणि संगणकतज्ज्ञांची जाळी ही एकाच स्वरूपाची आहेत, हे त्यांचे प्रतिपादन. संगणकाचे कार्यक्रम संस्कृतात लिहावेत असे ते म्हणत नाहीत. स्तुती आहे ती वैयाकरणांच्या विश्लेषणपद्धतीची. आणि ही पद्धती निर्माण करावी लागली याचा अर्थच असा की, मूळ वाक्य आपला अर्थ आपण होऊन पुरता सांगत नव्हते.

ब्रिग्ज यांनी ज्या ग्रंथाचा मुख्य आधार घेतला तो नागेशभट्टाची 'लघुमंजूषा'. नागेशभट्ट, म्हणजेच नागोजीभट्ट, हे काशीत राहून गेलेले, काळे आडनावाच्या महाराष्ट्रीय घराण्यातील पंडित. त्यांचाच 'परिभाषेन्दुशेखर' हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील जर्मन प्राध्यापक कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात संपादून इंग्रजीत आणला. नासाचे नाव घेणारा तो संदेश आजवर आम्हांस निदान पन्नास वेळा आला असेल. त्यांपैकी एकातही नागोजीभट्टांचे नाव नव्हते. आमच्या चौकटीतही नव्हते. ज्या काळ्यांच्या विद्वत्तेसाठी अमेरिकन संशोधकाने लेख लिहिला, ते काळे आपल्याला ठाऊक नाहीत आणि ज्या कचेरीत बसून तो लिहिला गेला, तिचे नाव मात्र मुखोद्गत आहे!

या वावडीला केवळ भोळ्या लोकांनी पोसले असते तर आम्ही इतके शब्द खर्चिले नसते. १० ऑगस्ट २०१९ रोजी पवईच्या आयआयटीच्या दीक्षान्त समारंभात त्या वेळचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री रमेश पोखरियाल 'निशंक' यांनी बोलणारा संगणक प्रत्यक्षात आला तर तो संस्कृतामुळेच येईल, असे नासा म्हणत असल्याचे सांगितले. समोर देशातील निवडक अभियंते पदव्या घेण्यास बसले होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिशातील फोन त्या दिवशी इंग्रजीत, हिंदीत, फार काय मराठीतही बोलत होता. यंत्राने माणसाच्या आवाजात गाणे म्हणण्याचा प्रयोग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६१ सालीच झालेला आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लोकसभेत संस्कृत विद्यापीठांच्या विधेयकावर बोलताना एका खासदारांनी संस्कृतात कार्यक्रम लिहिल्यास संगणक बिनचूक चालेल, हेही नासाच्याच नावावर सांगितले, आणि रोज संस्कृत बोलल्याने मधुमेह दूर राहतो अशी जोड दिली. व्यासपीठावर वा सभागृहात उच्चारलेले असे वाक्य आज दुसऱ्या दिवसाच्या वृत्तपत्राची वाट पाहत नाही. त्याची चित्रफीत संध्याकाळच्या आत घरोघर पोचते, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य एखादा लोकप्रतिनिधी आपल्या खात्यावर स्वतःचे म्हणून लिहितो. तेथून ते आमच्या चौकटीत येते. शेवटी आमच्या चौकटीचे छायाचित्र काढून तेच पुरावा म्हणून फिरविले जाते. तेही झाले, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता दुसरे वाक्य: संस्कृतात एका वाक्याचा एकच अर्थ होतो. हे वाचून संस्कृत काव्याचा कोणताही अभ्यासक हसेल. ज्या भाषेच्या कवींनी श्लेषाला अलंकाराचा मान दिला, ज्या भाषेत कविराजाने 'राघवपाण्डवीय' रचून एकाच श्लोकात रामाची आणि पांडवांची अशा दोन्ही कथा सांगितल्या, त्या भाषेला एकार्थी म्हणणे ही स्तुती आहे की निंदा? 'नतेन' हे एक पद म्हणून वाचले तर 'नमलेल्याने' आणि 'न तेन' असे तोडले तर 'त्याने नव्हे'. संधी कोठे सोडवावयाची हे संदर्भावरून ठरते, आणि संदर्भ ही यंत्राला फार जड जाणारी गोष्ट आहे. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच 'इन्द्रशत्रु' शब्दाची कथा सांगितली आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. पण त्या एका समासात स्वर चुकला आणि इंद्र ज्याला मारील असा वृत्र जन्मास आला. समास तोच, अक्षरे तीच. तत्पुरुष की बहुव्रीही एवढाच प्रश्न, आणि उत्तर चुकले तर जीव जातो! भाषेतील संदिग्धतेची याहून जबर जाणीव कोणत्या परंपरेने ठेवली आहे ते आम्हांस ठाऊक नाही. संस्कृताचा संधिविग्रह यंत्राकडून करवून घेण्यासाठी जेरार ह्यूए या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे खपून साधने तयार केली. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संसाधनी' उभी केली. भाषा यंत्राला जन्मतः सोपी असती तर या मंडळींना एवढे कष्ट पडले नसते.

राहिले तिसरे वाक्य, भविष्याबद्दलचे. गेल्या काही वर्षांत जी यंत्रे माणसाप्रमाणे लिहू-बोलू लागली आहेत, त्यांना कोणी व्याकरण शिकवीत नाही. पाणिनी नाही आणि आमचे मोरो केशव दामलेही नाहीत. त्यांच्यापुढे अफाट लिखित मजकूर ओतला जातो आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येतो याचा अंदाज बांधीत ती तयार होतात. भाषेचे व्याकरण किती रेखीव आहे हे तेथे गौण ठरते. तिच्यात माणसांनी किती लिहून ठेवले आहे आणि त्यातले किती यंत्रापर्यंत पोचले आहे, यावर सर्व अवलंबून असते.

याच बाबतीत साक्षात त्या यंत्रांच्या कर्त्यांकडूनही कशी दिशाभूल होते ते २०२३ साली दिसून आले. १६ एप्रिल रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमात गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई आणि जेम्स मन्यिका यांच्या मुलाखती झाल्या. गूगलच्या एका यंत्राला बंगाली शिकविलेली नसताना ती त्याने आपली आपण आत्मसात केली, असे त्यात सांगण्यात आले. बंगालीत थोडेसे विचारताच ते सगळ्या बंगालीचे भाषांतर करू लागले, असे मन्यिका म्हणाले. कार्यक्रमाच्या समाजमाध्यमावरील खात्याने हा चमत्कार जगभर पोचविला. पूर्वी गूगलमध्येच काम केलेल्या मार्गारेट मिचेल यांनी त्या यंत्राविषयी कंपनीनेच प्रसिद्ध केलेला शोधनिबंध उघडला. त्यात शिकवणीच्या मजकुराचा भाषावार तक्ता होता आणि तक्त्यात बंगाली होती: शेकडा ०.०२६. आकडा नगण्य दिसतो. पण एकूण मजकूर ७८० अब्ज शब्दखंडांचा होता, म्हणजे बंगालीचा वाटा सुमारे वीस कोटी शब्दखंडांचा झाला. पुढे कंपनीच्या प्रवक्त्यानेही शिकवणीत बंगाली होती हे मान्य केले, मात्र भाषांतर करण्याची शिकवण दिली नव्हती अशी पुस्ती जोडली.

कोलकात्यात आणि ढाक्यात बसून माणसांनी लिहिलेले ते वीस कोटी तुकडे पाहता पाहता अदृश्य झाले आणि यंत्र स्वयंभू ठरले. संस्कृताच्या बाबतीत माणसांचे श्रम नासाच्या खात्यावर जमा झाले, बंगालीच्या बाबतीत ते यंत्राच्या खात्यावर. मिचेलबाईंनी केले ते काम मात्र काही अवघड नव्हते. कागद सर्वांसाठी खुला होता. त्यांनी तो वाचला. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या आमच्या बाईंनी आम्हांस तेवढेच करावयास सांगितले होते.

आमच्या कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे पडले की, असल्या संदेशाने चार मुले संस्कृताकडे वळत असतील तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. संगणकाच्या आशेने आलेला मुलगा दोन वर्षांत फसवणूक झाल्याचे पाहून परत जातो आणि जाताना नागोजीभट्टांनाही त्याच पोतडीत टाकतो. सुक्याबरोबर ओले जळते. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या नियतकालिकाला एक छोटेसे पत्र लिहिले होते. संगणकीय भाषांचे नियम मांडण्याच्या ज्या पद्धतीला बॅकसचे नाव दिले जाते, तिच्या तोडीची पद्धत पाणिनीने फार पूर्वी वापरली असल्याने तिला पाणिनी-बॅकस म्हणावे, अशी सूचना त्यांत होती. हे खरे आहे, तपासता येण्यासारखे आहे, आणि अभिमानास पुरेसे आहे. परंतु नासाच्या खोट्या प्रशस्तिपत्राला सरावलेला श्रोता हेही ऐकून उद्या खांदे उडवील. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांना साहेबाच्या शिफारसपत्राची गरज वाटावी, ही सवय तरी आपल्याला कोठून लागली?

संस्कृताचे जे काम खरोखर चालू आहे ते आपल्याच दाराशी आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचा प्रकल्प सुरू झाला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून पंडितांनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. कोश अद्याप पुरा झालेला नाही. कोणत्या ग्रंथात कोणता शब्द कोणत्या अर्थाने आला हे सांगणारी ही एक कोटी कागदे आहेत. यंत्राला संस्कृत शिकवावयाचीच तर तिचे खाद्य तेथे आहे. मराठीची अवस्था याहून निराळी नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हीही साजरा केला. पण आमची जुनी पुस्तके आणि मासिके पुष्कळ ठिकाणी नुसती छायाचित्रे म्हणून संगणकावर चढविलेली आहेत. त्यांची अक्षरे यंत्राला वाचता येतील अशी, मुद्रिते तपासून, करून घेणे हे कंटाळवाणे आणि पगारी माणसे मागणारे काम आहे. ज्या लोकप्रतिनिधींना संस्कृताचा आणि मराठीचा एवढा कळवळा आहे त्यांनी आपल्या खात्यावर पुढचा मजकूर लिहिण्यापूर्वी या कामासाठी आपण सभागृहात किती रुपये मागितले हे एकदा जाहीर करावे. तो आकडा आम्ही चौकटीत छापू.

गेल्या वर्षीची चौकट आम्ही मागे घेत आहोत. आमच्या संकेतस्थळावरूनही ती काढली आहे आणि तिच्या जागी हा लेख ठेवला आहे. यापुढे नासाच्या, अथवा दुसऱ्या कोणत्याही संस्थेच्या, नावावर भाषेविषयीचे विधान आले तर मूळ कागद हाती आल्याखेरीज ते या पत्रात छापले जाणार नाही, अशी सूचना संपादक मंडळाने दिली आहे. ब्रिग्ज यांचा लेख अवघा आठ पानांचा आहे. त्याची प्रत सोमवारपासून आमच्या वाचनकक्षात ठेवली आहे. दुपारी तीन ते सहा या वेळात कोणीही येऊन वाचावी. एक प्रत त्या बाईंना काल टपालाने पाठविली.