जुनी नाव, नवे स्क्रू



‘सर्व सामान मूळचं!’ जुन्या शिडाच्या नावांच्या जाहिरातीत हे हमखास वाचायला मिळतं. ऐकायला झकास, पण समुद्राला ‘मूळचं’ म्हणजे काय ते कुठे कळतं?

इंडियातून आलेल्या पाहुण्यांना २००४ पूर्वी ज्यांनी ग्रिनिच दाखवलं असेल, त्यांना ‘कटी सार्क’शेजारची ‘जिप्सी मॉथ ४’ आठवेल. १९६६-६७ मध्ये, पासष्टीच्या घरात, फ्रान्सिस चिचेस्टर हिच्यातून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मुक्काम एकच, सिडनीचा. वाऱ्यावर सुकाणू सांभाळणारं यंत्र सिडनी येण्याआधीच मोडलं. तिथे दुरुस्ती झाली, तळाच्या कीलमध्येही फेरफार झाले. म्हणजे विक्रम पुरा झाला तेव्हाच ती जशी बांधली तशी उरली नव्हती!

पुढे तिला कोरड्या गोदीत उभी केली आणि तिथेच ती कुजत गेली. २००४ साली तिचा सौदा झाला, एक पौंड आणि एक ग्लास जिन-टॉनिकला! गॉस्पोर्टला दुरुस्त होऊन २००५ मध्ये ती पुन्हा निघाली, २००६ मध्ये रांगिरोआ बेटाजवळ प्रवाळावर आपटली, ऑकलंडला सांधली गेली आणि मे २००७ मध्ये प्लिमथला परतली. नवी फळी लावायची नाही असा हट्ट कोणी धरला असता, तर ही दुसरी फेरी झालीच नसती.

मग मूळचं जपायचं ते काय? आमच्या मते, ज्यावर जीव अवलंबून नाही ते खुशाल जपावं: कपाटाच्या मुठी, दिवे, टेबल. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा मात्र वेळेवर बदलाव्यात. त्यांच्या टोकाशी पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि तार तुटली की डोलकाठीच खाली येते. स्क्रूचंही तसंच. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावतं, गुलाबी पडतं, ठिसूळ होतं. तिथे काशाचाच स्क्रू हवा, मग मूळचा पितळी का असेना.

मात्र काढलेली वस्तू फेकू नये. तिला चिठ्ठी बांधावी: कुठली, कधी काढली, का काढली. नव्या वस्तूला जुनी म्हणून खपवलं नाही की झालं. नाव समुद्रावर जातेय, तोवर ती मूळचीच. बघा पटतंय का!